रोहित्राचे तेल : रंग पाहू नका, दाब तपासा

अकोला-पूर्णा रेल्वेमार्गावर, वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यात जऊळका हे गाव आहे. काळी जमीन, खरिपात सोयाबीन आणि तूर, रब्बीत गहू आणि हरभरा. दिवाळी उलटली की विहिरींवरचे पंप सुरू होतात आणि शिवारातल्या डीपीवर ताण येतो. सरकारी कागदात तिला रोहित्र म्हणतात. शेतकरी आणि मिस्त्री दोघेही डीपीच म्हणतात. ती जळाली की पिठाची चक्की थांबते, वेल्डिंगचे दुकान थांबते, फुलोऱ्यात आलेला हरभरा पाण्यावाचून उभा राहतो. डीपी नुकतीच दुरुस्त होऊन आली असेल, तर ज्या मिस्त्रीने ती भरली त्याचे नाव चौकाचौकात निघते.

जऊळक्यासारख्या गावांच्या आसपास वाइंडिंगचे काम करणारे, तेल आणि सुटे भाग विकणारे, भंगाराचा व्यापार करणारे असे आमचे वाचक पुष्कळ आहेत. तांब्याच्या किंवा अॅल्युमिनियमच्या तारेची पारख त्यांना कोणी शिकवायला नको. पण तेलाच्या बाबतीत अजूनही बहुतेक ठिकाणी बाटली उन्हात धरून पाहण्याचीच रीत आहे. तेल स्वच्छ दिसले की चांगले, काळपट दिसले की वाईट. ही पारख अपुरी आहे आणि ती महागात पडते, हे सांगण्यासाठी आजचा लेख.

आमची स्वतःची चूक

दुसऱ्यांना सांगण्याआधी आमचीच गोष्ट सांगतो. आमच्या एका नातलगाची डाळमिल आहे. मिलच्या आवारातले स्वतःचे १०० केव्हीएचे रोहित्र बिघडले, तेव्हा त्याची कॉइल एका अनुभवी मिस्त्रीकडून नव्याने भरून घेतली. काम उत्तम झाले होते. तेल मात्र सुटे घेतले. ड्रममधून काढून दाखवलेले तेल पाण्यासारखे नितळ होते. विकणाऱ्याने तपासणीचा कागद दिला नाही, आम्हीही मागितला नाही. बाटली उन्हात धरली आणि आम्हीच होकार दिला.

उन्हाळाभर रोहित्र चालले. पहिला पाऊस पडून गेल्यावर एका पहाटे मोठा आवाज झाला आणि मिल बंद पडली. टाकी उघडली तेव्हा वरच्या आणि खालच्या दाबाच्या कॉइलमध्ये इन्सुलेशन फुटलेले होते. मिस्त्रीवर आळ आला. त्या बिचाऱ्याने हट्ट धरून उरलेल्या ड्रममधले तेल तपासायला पाठवले. ते १४ केव्हीलाच फुटले. चालू रोहित्रातल्या जुन्या तेलासाठीसुद्धा ३० केव्हीची खालची मर्यादा आहे. मिस्त्री निर्दोष ठरला, पण तोवर त्याची दोन कामे हातची गेली होती. तेलात वाचवलेल्या पैशाच्या कितीतरी पट रक्कम दुसऱ्यांदा कॉइल भरण्यात गेली.

चमचाभर पाणी

रोहित्रातले तेल दोन मोठी कामे करते. कॉइलमधली उष्णता उचलून टाकीच्या पत्र्यापर्यंत आणि नळ्यांपर्यंत नेते, आणि जिथे जिथे दोन वेगळ्या दाबांचे भाग जवळ येतात तिथे मध्ये उभे राहून वीज उडी मारू देत नाही. ११ हजार व्होल्टची बाजू आणि ४३३ व्होल्टची बाजू एकाच टाकीत सुखाने नांदतात त्या कागदाच्या आणि तेलाच्या जोरावर. कागद तेलात भिजलेला असतो, म्हणून तेलाची तब्येत बिघडली की कागदाची बिघडते. तेल बदलता येते. कॉइलवरचा कागद बदलायचा म्हणजे सगळे काम पुन्हा करायचे. रोहित्राचे आयुष्य म्हणजे खरे तर त्या कागदाचे आयुष्य.

या दोघांचा मोठा शत्रू पाणी. किती पाणी? हिशेब करून पाहू. दीडशे लिटर तेलाचे वजन साधारण १३० किलो भरते. त्यात चहाचा एक चमचा, म्हणजे ५ ग्रॅम पाणी गेले, तर ते दहा लाखांत ३८ भाग झाले. ड्रममधून येणाऱ्या नव्या तेलात पाण्याची मर्यादा दहा लाखांत ४० भाग आहे. म्हणजे एका चमच्यात जवळपास सगळी सवलत संपली! आणि एवढे पाणी डोळ्यांना दिसत नाही, कारण ते तेलात विरघळलेले असते. तेल तसेच नितळ, तसेच चमकदार दिसते.

गरम तेल जास्त पाणी विरघळवून ठेवते, थंड तेल कमी. दिवसभर भाराखाली तापलेले तेल रात्री निवते, तेव्हा न मावणारे पाणी बारीक थेंब होऊन वेगळे पडते. त्यात कापसाचा किंवा कागदाचा तंतू तरंगत असेल तर तो पाणी शोषतो आणि विजेसाठी पुलासारखा होतो. आमच्या नातलगाचे रोहित्र पहाटेच फुटले, याचे आम्हाला आता नवल वाटत नाही.

तपासणी कशी होते

मुख्य तपासणी बीडीव्हीची. तेल किती दाबाला फुटते ते यात पाहतात. भारतीय मानक आयएस ६७९२ प्रमाणे एका पेल्यात तेल घेऊन त्यात दोन गोळे २.५ मिलिमीटर अंतरावर ठेवतात. तेल ओतल्यावर बुडबुडे जाऊ देतात, मग दाब सेकंदाला २ केव्ही या वेगाने वाढवतात. ठिणगी पडली की आकडा लिहायचा, तेल हलवायचे, थांबायचे आणि पुन्हा करायचे. अशा सहा वेळांची सरासरी धरतात. एकदाच करून आलेला मोठा आकडा दाखवणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

नव्या तेलाचे मानक आयएस ३३५ आहे. त्याची सुधारित आवृत्ती २०१८ साली निघाली. त्याप्रमाणे नवे तेल जसे आले तसे किमान ३० केव्ही आणि शुद्ध केल्यावर किमान ७० केव्ही टिकले पाहिजे. यातला दुसरा आकडा महत्त्वाचा. शुद्ध करूनही तेल वर चढत नसेल, तर त्यात पाण्याखेरीज दुसरे काहीतरी मिसळलेले आहे असे समजावे. चालू रोहित्रातल्या तेलाची देखभाल कशी करावी हे आयएस १८६६ मध्ये दिले आहे. त्यात आपल्या नेहमीच्या दाबाच्या रोहित्रांसाठी ३० केव्हीच्या खालचे तेल वाईट धरले आहे.

बीडीव्ही पाणी आणि कचरा पकडते, पण तेल म्हातारे झाले आहे का हे सांगत नाही. त्यासाठी आम्लता पाहावी लागते. उष्णता, हवा आणि तांबे यांच्या संगतीत तेल हळूहळू आंबते आणि चिकट गाळ धरू लागते. हा गाळ कॉइलच्या फटीत बसून तेलाची वाट अडवतो, कॉइल आणखी तापते आणि कागद करपतो. एक ग्रॅम तेलातले आम्ल मारायला ०.३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त पोटॅश लागले, तर लहान रोहित्रातलेही ते तेल वाईट समजतात. आंबट तेल फिल्टर करून बीडीव्हीत पास होऊ शकते. म्हणून जुन्या तेलासाठी दोन्ही आकडे मागावेत.

तिसरी तपासणी भेसळीची. तेलाची वाफ किती उष्णतेला पेट घेते ते बंद भांड्यात पाहतात. नव्या तेलाचा हा आकडा १३५ अंशांच्या खाली नसावा. रॉकेल किंवा डिझेल मिसळले की तो घसरतो. अशा तेलाने बीडीव्हीही कदाचित पास होईल, पण ते टाकीत आगीला आमंत्रण आहे.

आता नमुना घेण्याविषयी. प्रयोगशाळा कितीही चांगली असली तरी नमुना बिघडवून दिला तर अहवाल बिघडलेलाच येणार. नमुना रोहित्राच्या तळाच्या व्हॉल्व्हमधून घ्यावा, कारण पाणी खाली बसते. पाऊस किंवा धुके असताना घेऊ नये. व्हॉल्व्ह बाहेरून पुसून घ्यावा आणि पहिले लिटर-दोन लिटर वेगळ्या भांड्यात सोडून द्यावे. काचेची बाटली धुऊन पूर्ण कोरडी केलेली असावी. ती आधी त्याच तेलाने विसळावी, काठोकाठ भरून लगेच बंद करावी आणि उन्हापासून जपावी. बाटली पुसायला सुती चिंधी वापरली की तिचे तंतू तेलात जातात. बाटलीवर रोहित्राचा क्रमांक, तारीख आणि तेलाचे तापमान लिहावे. आणि सांगायला नकोच, पण सांगतो : लाइन बंद करून, अर्थ करून, रीतसर परवानगी घेतल्याशिवाय रोहित्राला हात लावू नये.

शुद्धीकरण : काय निघते, काय राहते

फिल्टर मशीन तेल साधारण ६० अंशांपर्यंत तापवते, गाळणीतून नेते आणि निर्वात टाकीत त्याची पातळ धार सोडते. तिथे पाण्याची वाफ आणि विरलेली हवा ओढून घेतली जाते. काही फेऱ्यांनंतर बीडीव्ही वर चढते. घाईने तेल जास्त तापवणारे मिस्त्री असतात. त्याने तेल लवकर म्हातारे होते.

इथे दोन गैरसमज दूर करायला हवेत. पहिला असा की, फिल्टर केले म्हणजे जुने तेल नवे झाले. साधे फिल्टर पाणी, हवा आणि कचरा काढते. आम्लता तसेच विरघळलेला गाळ ते काढत नाही. त्यासाठी तेल फुल्लर्स अर्थमधून न्यावे लागते. नाव इंग्रजी असले तरी ही माती आपल्या घरातली आहे : आपल्याकडे तिला मुलतानी माती म्हणतात. जी माती चेहऱ्याचा तेलकटपणा ओढते, तिच्याच जातीची, त्या कामासाठी तयार केलेली माती तेलातला आंबटपणा ओढते. हे काम खर्चाचे आहे. थोड्या तेलासाठी ते परवडत नाही, तिथे तेल बदलणेच बरे.

दुसरा गैरसमज असा की, तेल कोरडे झाले म्हणजे रोहित्र कोरडे झाले. रोहित्रातले बहुतेक सगळे पाणी तेलात नसते, कागदात असते. तेल फिल्टर करून आज ६० केव्ही मिळाले आणि कागद ओला असला, तर काही आठवड्यांत कागद आपले पाणी तेलाला परत देतो. म्हणून नवी कॉइल टाकीत सोडण्याआधी ती ओव्हनमध्ये नीट वाळवावी. मेगरचा आकडा आधी खाली येतो, मग चढतो आणि शेवटी एका जागी ठरतो. तो ठरेपर्यंत कॉइल बाहेर काढू नये. दोन दिवसांत काम द्यायचे आहे म्हणून ही पायरी गाळणारा मिस्त्री स्वतःच्याच पायावर कुऱ्हाड मारतो. टाकीतला जुना गाळही चांगल्या, गरम तेलाने धुऊन काढावा. रॉकेलने टाकी धुतली तर त्याचा अंश आत राहतोच.

भरल्यावर तेल एक रात्र तरी स्थिर राहू द्यावे. मग तळातून नमुना घेऊन शेवटची तपासणी करावी. आमच्या मते फिल्टरनंतर ४० केव्हीच्या खालचे तेल घालून रोहित्र दुकानाबाहेर जाऊ देऊ नये. चांगल्या मशीनवर ६० पर्यंत जाणे अवघड नाही.

आणि ब्रीदर. रोहित्र तापते-निवते तसे ते श्वास घेते. तो श्वास सिलिका जेलमधून आला तरच कोरडा असतो. निळे जेल गुलाबी झाले की ते भिजले. ते काढून ओव्हनमध्ये वाळवावे किंवा बदलावे. निळ्या जेलमधला कोबाल्टचा रंग आरोग्याला घातक आहे, म्हणून आता नारिंगी जेल घेणे चांगले. शिवारातल्या कितीतरी डीपींचा ब्रीदर फुटलेला किंवा रिकामा असतो. अशी डीपी आख्खा पावसाळा उघड्या तोंडाने श्वास घेते.

ड्रमची आडवी आणि उभी गोष्ट

व्यापारी बांधवांसाठी एक साधी गोष्ट. तेलाचा ड्रम उघड्यावर उभा ठेवू नका. वरच्या झाकणाच्या खळगीत पावसाचे पाणी साचते. रात्री ड्रम निवतो, आतली हवा आकसते आणि बूच कितीही घट्ट असले तरी आट्यांतून ते पाणी आत ओढले जाते. सीलबंद, नामांकित कंपनीचा माल असा आपल्याच अंगणात खराब होतो आणि दोष कंपनीला जातो. ड्रम छपराखाली ठेवावा. बाहेर ठेवावाच लागला तर लाकडी ओंडक्यांवर आडवा ठेवावा आणि दोन्ही बुचे घड्याळातल्या तीनच्या आणि नऊच्या जागी येतील असा फिरवावा. म्हणजे बुचांवर आतून तेल राहते आणि बाहेर पाणी साचत नाही.

ड्रम उघडला तर तेवढाच वापरावा. त्यातून तेल काढायला साधी रबरी नळी नको. रबर तेलात विरघळते. ज्या पंपाने इंजिन ऑइल उपसले त्याच पंपाने हे तेल उपसू नये.

निवड करताना

बाजारात प्रामुख्याने दोन प्रकार मिळतात : ऑक्सिडेशन रोखणारे द्रव्य घातलेले आणि न घातलेले. घातलेले तेल जास्त दिवस टिकते, पण महाग असते. दोन्ही एकत्र केले तर महाग तेलाचा गुण वाया जातो. पातळी कमी झाली म्हणून वरून तेल घालायचे असेल तर आत आहे त्याच जातीचे घालावे, आणि घालण्याआधी ते वेगळे तपासावे. इंजिन ऑइल, हायड्रॉलिक ऑइल किंवा "तसेच दिसणारे" दुसरे तेल एक लिटरही चालत नाही.

आपल्या जिल्ह्याच्या दृष्टीने एक कुतूहलाची गोष्ट. परदेशांत आणि आता भारतातही काही रोहित्रांत सोयाबीनच्या तेलापासून बनवलेला द्रव वापरतात. त्याला नॅचरल एस्टर म्हणतात आणि त्यासाठी २०१७ पासून आयएस १६६५९ हे स्वतंत्र मानक आहे. हा द्रव ३०० अंशांच्या पुढे गेल्याशिवाय धड पेट घेत नाही, कागदातले पाणी स्वतःकडे घेतो, आणि जमिनीवर सांडला तर खनिज तेलापेक्षा लवकर कुजून जातो. जऊळक्याच्या शेतात पिकते तेच बी, पण म्हणून तेलघाण्यावरचे सोयाबीन तेल डीपीत ओतता येणार नाही. ते वेगळ्या रीतीने शुद्ध केलेले असते. शिवाय हवेशी संबंध आला की ते घट्ट होऊ लागते, म्हणून ते पूर्ण बंद टाकीसाठी आहे, ब्रीदरच्या जुन्या डीपीसाठी नाही.

जुन्या तेलाचा व्यापार

भंगाराच्या व्यापाऱ्यांनी हा भाग दोनदा वाचावा. डीपीतून तेल चोरणारे लोक आहेत आणि ते कमी भावात विकायला आपल्याच दाराशी येतात. २००३ च्या वीज कायद्यात वीजसाहित्याच्या चोरीला कलम १३६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद आहे. चोरीचा माल माहीत असून, किंवा तसा संशय यायला कारण असून घेणाऱ्यालाही कलम १३७ खाली तेवढीच शिक्षा आहे. माल कुठून आला याचा कागद नसेल तर तो घेऊ नये. तेल गेलेली डीपी उपाशी जळते आणि अर्ध्या गावाचा रब्बी हंगाम बुडतो, हेही लक्षात असावे.

कायदेशीर मार्गाने मिळालेले वापरलेले तेलही साधा माल नाही. २०१६ च्या नियमांप्रमाणे ते घातक कचऱ्यात मोडते आणि परवानाधारक पुनर्प्रक्रिया करणाऱ्यालाच द्यावे लागते. फार जुन्या रोहित्रांच्या तेलात पीसीबी नावाचे विषारी रसायन असू शकते. केंद्र सरकारच्या २०१६ च्या आदेशाने त्याचा वापर पूर्ण बंद करण्यासाठी ३१ डिसेंबर २०२५ ही शेवटची तारीख ठरवली होती. हे रसायन वासाने किंवा रंगाने कळत नाही. असे एक रोहित्र ज्या फिल्टर मशीनवर गेले, त्या मशीनमधून ते पुढच्या प्रत्येक गिऱ्हाइकाच्या तेलात जाते. म्हणून नामपट्टी नसलेल्या अतिजुन्या रोहित्राचे तेल प्रयोगशाळेतून तपासल्याशिवाय मशीनला लावू नये. जुने तेल सांधेदुखीवर चोळायला, चुलीत घालायला किंवा डिझेलमध्ये मिसळायला कोणी मागितले तर स्पष्ट नकार द्यावा.

कागदाची किंमत

आमच्या वाचक मिस्त्रींना एक सुचवावेसे वाटते. प्रत्येक रोहित्राबरोबर एक कागद द्या. त्यावर पाच ओळी पुरेत : तेल कोणत्या कंपनीचे आणि कोणत्या बॅचचे, फिल्टर केल्याची तारीख, सहा वेळांची बीडीव्ही आणि सरासरी, मेगरचा आकडा, आणि ब्रीदरमध्ये नवे जेल घातल्याची नोंद. त्याची एक प्रत आपल्या फाइलमध्ये ठेवा. बीडीव्हीचे मशीन एकट्याला घेणे परवडत नसेल तर तीन-चार दुकानांनी मिळून घ्यावे, आणि वर्षातून एकदा ते मान्यताप्राप्त ठिकाणी पडताळून घ्यावे. चुकीचा आकडा दाखवणारे मशीन नसलेले बरे.

आमच्या नातलगाच्या मिलमधला तो मिस्त्री आज हेच करतो. त्याच्या दुकानात बाटली उन्हात धरून पाहायला कोणी आले की तो हसतो आणि मशीनचा पेला पुढे करतो. गिऱ्हाइकासमोर सहा वेळा ठिणगी पाडून दाखवतो. त्याचा भाव शेजारच्यापेक्षा थोडा जास्त आहे, तरी काम त्याच्याकडेच येते, कारण पहिल्या पावसानंतर त्याची डीपी परत येत नाही. धंद्यात बरकत अशा कामाने येते.